‘कोविडचं रडगाणं आता बंद करा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पावसाळी_बेडकी: परवा एका महाशयांनी पोस्ट टाकलीय की "लॉकडाऊनमध्ये सगळेच घाबरले, चार-दोन महिन्यांत सावरले, ज्यांना अजून झोप लागत नाही नि धडधडतं त्यांना ते आधीपासूनच होतं, कोविड नुसतं निमित्त." वर ढिगानं अंगठे. म्हणून लांबण लावतेय. मार्च 2020 मध्ये मला काहीही झालं नव्हतं, डालगोना कॉफीसुद्धा घुसळली. एप्रिल 2021 ला बाबा गेले. भाऊ रेमडेसिविरसाठी रात्रभर रांगेत, शेवटचं दर्शन नाही, दहावा व्हिडिओ कॉलवर. तेव्हाही मी उभी होते, कारण बँक, वारसाचे कागद, आईच्या गोळ्या. त्रास सुरू झाला 2022 च्या दिवाळीनंतर, मास्क उतरल्यावर. अँब्युलन्सचा आवाज आला की हातपाय गार. आता सांगा, हे आधीपासून होतं?

तर्कटराव: वाईट वाटलं, खरंच. पण एका घरावरून नियम होत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं हजारो लोकांना दर आठवड्याला विचारलं, चिंता-नैराश्य लॉकडाऊनच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त, मग 20 आठवड्यांत उतरत गेलं. 2023 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 137 अभ्यास एकत्र तपासले, आधीच्या तुलनेत सरासरी फरक नगण्य. माणूस चिवट असतो हो.

शेवग्याची_शेंग: त्याच 137 मध्ये बायकांची लक्षणं थोडी का होईना वाढलेली दिसली, ते बरं गाळलंत. आणि बहुतेक अभ्यास पैसेवाल्या देशांतले. शिवाय ते 20 आठवडे ऑगस्ट 2020 ला संपले, आपली दुसरी लाट यायची होती! एकाला घरून काम मिळालं म्हणून तो खूश, दुसऱ्याचा बाप गेला, दोघांची सरासरी काढली की शून्य. वा!

दादर_ते_देवगड: मला तर विषाणूपेक्षा गाववाल्यांनी ताप दिला. 2020 चे गणपती आठवा, चाकरमान्यांनी 14 दिवस क्वारंटाईन व्हायचं की 10, यावरच महिनाभर भांडण. स्वतःच्या घराच्या पडवीत बसलोय आणि सख्खा चुलत भाऊ लांबून ओरडतोय, विहिरीवर येऊ नको. तेव्हापासून गावी जायचं म्हटलं की छातीत गोळा येतो, हे कुठल्या अभ्यासात बसवायचं?

सुक्या_बांगडो: मग काय आरती ओवाळायची होती? मुंबईत केसेस वाढतायत आणि तुम्ही बॅगा भरून येताय. गावात म्हातारी माणसं, व्हेंटिलेटर कुठे होता? आमच्या वाडीत एक जण आलेल्या पाहुण्यामुळेच गेला.

दादर_ते_देवगड: सिद्ध केलं होतंत काय पाहुण्यामुळेच? निवडणुकीला, मंदिराच्या वर्गणीला चाकरमानी गोड लागतो!

सुक्या_बांगडो: वर्गणीचा हिशोब काढू नका, कळस तुमच्या नावाशिवायही चढला.

पावसाळी_बेडकी: अहो देवळाचा कळस कुठून आला यात???

शेवग्याची_शेंग: येऊ दे गं, पाच वर्षं पोटात होतं ते बाहेर पडतंय. पण बांगडोभाऊ, तुम्हालाही भीतीच होती ना? कबूल करा.

सुक्या_बांगडो: होती. आईला दमा. रात्री कोणी खोकलं की मी उठून बसायचो. आजही उठतो. पण सांगणार कोणाला, सिंधुदुर्गातून मनोरुग्णालयात जायचं तर रत्नागिरी, आणि तिकडे दिसलो तर लग्नाच्या मुलीचं काय? म्हणून जात नाही, बास.

तर्कटराव: हे बघा, मी पण हेच म्हणतोय, मूळ दुखणं उपचार न मिळण्याचं आहे, कोविडचं नाही.

शेवग्याची_शेंग: नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता, आत्ता म्हणायला लागलात. बांगडोभाऊ, 14416 टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, सरकारी आहे, मराठीत बोलतात, फुकट, रत्नागिरी गाठायला नको. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे.

तर्कटराव: बरं बाई, सरासरी म्हणजे सगळे नव्हेत, फ्रेम करून लावा. पण जागतिक आरोग्य संघटनेचा तो चिंता-नैराश्यात 25 टक्के वाढीचा आकडा कोणी फेकू नका, तो पहिल्याच वर्षाचा आहे.

पावसाळी_बेडकी: फेकलाच कोणी? मी दुसऱ्या नि तिसऱ्या वर्षाबद्दलच बोलतेय केव्हाची.

दादर_ते_देवगड: बांगडो, त्या नंबरवर लागला फोन तर इकडे कळव. वर्गणीचं नंतर बघू.

सुक्या_बांगडो: वर्गणी आधी.