कफ परेडचं भुयारी स्टेशन समुद्राला लागून, पाण्याचं काय?

नेरूळची आई
मंडळी, माझी मुलगी जूनपासून कफ परेडला कामाला लागतेय. हार्बरने सीएसएमटी, तिथून मेट्रो ३ ने शेवटचं स्टेशन. पण तो भाग भराव घालून केलेला, पलीकडे समुद्र आणि स्टेशन जमिनीच्या पोटात. २६ मे २०२५ ला वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी घुसलं होतं, ते व्हिडिओ डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मुसळधार पाऊस आणि भरती एकदम आली तर? कुणी जाणकार सांगाल का?

पायलिंगवाला, कळवा
ताई, माझी सगळी नोकरी पायलिंगमध्ये, म्हणजे जमिनीत काँक्रीटचे खांब (पाइल) उतरवण्यात गेली. या स्टेशनवर नव्हतो, पण खाडीकाठची खोल तळघरं बरीच केली. समुद्राची भीती मनातून काढा. किनाऱ्याजवळ जमिनीत पाणी असणारच, हे धरूनच डिझाइन करतात. खोदण्याआधी चहूबाजूंनी भिंत उतरवतात. त्यातली एक पद्धत म्हणजे एक पाइल शेजारच्या पाइलला कापत जाईल अशी रांग, भराव आणि चिखल ओलांडून थेट खडकात. खोदत खाली जाताना आम्ही प्रत्येक सांध्यावरून हात फिरवायचो. भिंत पाझरली तर तिथेच पाझरते. बोट ओलं झालं की लगेच ग्राउटिंग, म्हणजे फटीत सिमेंटचा घोळ दाबून भरायचा. मग आत आरसीसीची पेटी, म्हणजे स्टेशनचा सांगाडा, तिला वॉटरप्रूफिंग. बोगद्याच्या काँक्रीटच्या रिंगांच्या सांध्यांत रबरी गॅस्केट दाबून बसवलेली असते.

आम्हाला धास्ती असते ती पेटी खालच्या पाण्याच्या दाबाने वर उचलली जाण्याची! म्हणून तळाचा स्लॅब चांगला जाड, गरज पडली तर त्याला खडकात धरून ठेवणारे अँकर.

वरळीत समुद्र शिरला नव्हता. एका प्रवेशद्वाराचं काम अपुरं होतं, तिथून पावसाचं पाणी उतरलं. त्यामुळे बघायचं ते तोंडाशी. रस्त्यावरून आधी दोन-चार पायऱ्या चढून मग खाली उतरायचं असेल, तर उंबरा नीट राखलाय.

वाशी सेक्टर १७
दादांशी सहमत. आपल्या नवी मुंबईच्या नोडमधले (वसाहतींमधले) होल्डिंग पॉन्ड, म्हणजे पाणी साठवायची तळी, आठवा. भरतीला झडपा मिटतात, पाऊस तळ्यात साठतो, ओहोटीला खाडीत जातो. आपण रोज असल्याच जमिनीवर राहतो. ताई, मुलगी अडकलीच तर कुर्ला-चुनाभट्टीला अडकेल, रुळांवर पाणी साचून. मेट्रोचं तिकीट मात्र वर असतानाच काढायला सांगा, खाली रेंजचा भरवसा धरू नका.

नेरूळची आई
दोघांचेही आभार. दादा, एकच विचारते, गाडी मध्येच बोगद्यात थांबली तर?

पायलिंगवाला, कळवा
रुळालगत चालायला कट्टा असतो, आणि दोन बोगदे मधूनमधून आडव्या वाटांनी जोडलेले असतात. तिला एवढंच सांगा, कर्मचारी सांगेपर्यंत डबा सोडायचा नाही.