ठोकलेल्या गाडीतलं इंजिन-गिअरबॉक्स घरीच काढायचंय

पुढून ठोकलेली गाडी मिळालीय, फ्रंट व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल. इंजिन-गिअरबॉक्स माझ्या तशाच गाडीत टाकायचंय. दोन्ही एकत्र काढू की वेगळं? आणि आधी काय चेक करू?

रिप्लाय १
आधी इंजिन जाम नाहीये ना ते बघ. न्यूट्रलला टाक, स्पार्क प्लग काढ आणि क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या टोकावरची पुली) बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेने हळूहळू पूर्ण दोन फेरे दे, कुठे अडलं तर जोर लावू नकोस. मग माउंटचे कान (इंजिन-गिअरबॉक्स गाडीला जिथे बोल्टने बसतं ते) आणि बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनला जोडलेलं, घंटेसारखं तोंड) वायर ब्रशने घासून टॉर्च मारून बघ, अ‍ॅल्युमिनियम असतं, तेलकट मळाखाली केसाएवढी चीर लपलेली असते.

रिप्लाय २
एकत्रच काढ रे, वेगळं करायचं ते जमिनीवर आल्यावर. बॅटरी आधी सोडव. गिअर ऑइल आधीच काढून ठेव, नाहीतर ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकाला जाणारा दांडा) ओढला की सगळं अंगावर येतं 😄 एसीचे पाइप मात्र स्वतः खोलू नकोस, गॅस मशीनवाल्याकडून काढून घे. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लाव म्हणजे लाव.

रिप्लाय ३
ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), चावी आणि इंजिनचं वायरिंगही काढून ठेव, इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी सिस्टीम) असेल तर नुसत्या ईसीयूवर गाडी चालू होत नाही. वायर कापत बसू नकोस, कनेक्टर सोडव आणि प्रत्येकाला टेप लावून नाव लिही.

प्रश्नकर्ता
एसीचं डोक्यातच नव्हतं, थँक्स. क्रँक उद्या फिरवून बघतो.