मदत हवी आहे : २०११ पासूनचं लिखाण बंद पडायलंय

दुधनाकाठ :
२०११ पासून दर शुक्रवारी लिहितोय. घरचं लग्न असो की आजारपण, खाडा नव्हता. दोन वर्षांपूर्वी प्रमुखपद आलं आणि गाडी रुतली. सकाळी व्हीसी (व्हिडिओवरची बैठक), दुपारी आढावा, संध्याकाळी यूसी (निधी खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र) आणि हजेरीच्या फायली. सलग पाच शुक्रवार कोरे गेले. मृग तोंडावर आलाय, लोक विचारायलेत. वेळ कसा काढायचा तेवढं सांगा. बंद करा असं कृपया सांगू नका.

मांजरातीर :
कशावर लिहिता साहेब? कुणासाठी? काहीच कळंना.

पहाटपाळी :
पहाटे ४ ला उठा. मी मुख्याध्यापक आहे, शाळा सांभाळून नऊ वर्षं लिहितेय. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

दुधनाकाठ :
शेतकऱ्यांसाठी. सोयाबीन, तूर, कापूस. कृषी विज्ञान केंद्रात आहे. ताई, पहाट करून पाहिली. तासभर वही उघडी असते, ओळ उमटत नाही.

नियमावली :
सरकारी माणसानं लिहिण्याआधी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ वाचावेत. मानधन घेता का?

दुधनाकाठ :
नाही. परवानगी तेव्हाच काढलीय. प्रश्न तो नाही.

काळीचिकट :
जुनंच परत टाका. खरीप दरवर्षी येतो. बीजप्रक्रिया, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, यात काय बदलतंय?

मांजरातीर :
बदलतंय. २०२२ ला आमच्या लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन फस्त केलं, लोकांवर दुबार पेरणीची पाळी आली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाच्या कडेनं टाका, सकाळी त्याखालच्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवा, हे त्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं म्हणून माझे दोन एकर वाचले. शिळं टिपण काय कामाचं?

काळीचिकट :
अहो, म्हणून चांगलं जुनं फेकून द्यायचं का? नवीन पोरांना तेही माहीत नसतं.

येलदरी :
मधेच विचारतो, माफ करा. घरचं सोयाबीन गोणपाटात भिजवलं, १०० पैकी ६२ दाणे उगवले. पेरू का इकून टाकू?

दुधनाकाठ :
इकू नका. एकरी ३० किलो हे ७० टक्के उगवणीचं माप आहे. ६२ असेल तर ३४ किलो धरा. पण एका चाचणीवर जाऊ नका, शंभर-शंभर दाण्यांच्या तीन घ्या. दाणे ओळीत मांडून गोणपाट गुंडाळायचं, सावलीत ठेवायचं, ओल तुटू द्यायची नाही, सहाव्या-सातव्या दिवशी मोजायचं. नुसता मोड आलेला दाणा धरू नका, सरळ निरोगी कोंब तेवढाच मोजा. सोयाबीनचं साल पातळ असतं. पोतं आपटलं, थरावर थर रचले की आतला अंकुर दुखावतो, वरून दाणा ठणठणीत दिसतो. तुमची पोती किती थर होती?

पहाटपाळी :
सर, हे तर शुक्रवारचं टिपणच झालं की! आणि तेही बसल्या बसल्या. तुमचं वेळेपायी अडलेलं नाही. शेवटचं शेतात कधी गेलात?

दुधनाकाठ :
फेब्रुवारीत. पाहणी करायला आलेल्या पथकाबरोबर. त्याआधीचं आठवत नाही. पूर्वी आठवड्यातून तीन दिवस बांधावर असायचो, लोक विचारायचे आणि मी रात्री तेच लिहायचो. ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

नियमावली :
शेतावरची फिरती ऑफिसच्या नोंदवहीत लावून घ्या म्हणजे झालं.

काळीचिकट :
जुनं टाकण्यावर मी ठाम आहे, पण बांधावर जाच साहेब.

येलदरी :
सात थर होती. मी सगळ्यात खालचं पोतं तपासलं.

दुधनाकाठ :
मग वरचंही बघायला हवं. चार-पाच थरांपेक्षा उंच रचायचंच नसतं. शनिवारी सकाळी येतो, जिंतूर ओलांडलं की फोन करतो. दोन्ही पोत्यांचे दाणे वेगवेगळे भिजवू. पुढच्या शुक्रवारी आकडा घेऊन लिहितो.