रंगीत पीईटी बाटल्या वितळवाव्यात की रसायनाने फोडून टेरेफ्थॅलिक आम्ल (पीईटी प्लास्टिकचा एक कच्चा माल) काढावं? (गोव्यापुरता प्रश्न)

मांडवीकाठ
पारदर्शक, स्वच्छ बाटली वितळवावी, त्यावर वाद नाही. पण शॅकमागून (किनाऱ्यावरच्या खानावळींमागून) येणारा हिरवा-निळा, वाळू लागलेला माल पीईटीच्या भावात कोणी धरत नाही. तो कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात फोडला, तर सोडियम टेरेफ्थॅलेट (त्या आम्लाचं विरघळणारं मीठ) पाण्यात उतरतं आणि वाळू, झाकणाचे तुकडे गाळणीवरच राहतात. सक्रिय कोळशातून रंग काढायचा, सल्फ्युरिक आम्लाने पीएच ३ च्या खाली आणायचा, की पांढरं आम्ल खाली बसतं. एक किलो पीईटीमागे कागदावर ८६० ग्रॅम.

कुंडई_प्लांट
आणि मीठ? त्याच एका किलोला ४२० ग्रॅम सोडा, ५१० ग्रॅम सल्फ्युरिक लागतं आणि शेवटी ७४० ग्रॅम सोडियम सल्फेट पाण्यात राहतं. वर ३२० ग्रॅम ग्लायकॉल (पीईटीचा दुसरा घटक), म्हणजे सीओडी (पाण्यातला प्राणवायू खाणारा भार) भरमसाट. हे पाणी झुआरीत सोडणार का? आटवायचं तर वाफेचा खर्च आम्लाची किंमत खाऊन टाकतो.

मांडवीकाठ
आटवून निघालेलं सल्फेट डिटर्जंटवाले घेतात, ते फुकट जात नाही. वितळवण्यातले धोके मात्र तुम्ही मोजत नाही. एखाद-दुसरं पीव्हीसीचं लेबल आत गेलं, तर २६० अंशांवर हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, पीईटीच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, माल पिवळा पडतो. आपल्या पावसाळी हवेत फ्लेक (बाटलीचे कापलेले तुकडे) पाणी ओढतात. १६०-१७० अंशांवर चार-सहा तास सुकवून ओलावा ५० पीपीएमखाली नाही नेला, की व्हिस्कॉसिटी (साखळ्यांच्या लांबीचं माप) घसरलीच.

स्पिनिंगवाला
दोघंही शुद्धतेवर गप्प आहात. पॅराझायलीनपासून (पेट्रोलियममधून येणाऱ्या रसायनापासून) बनणाऱ्या नव्या आम्लात ४-कार्बॉक्सिबेन्झाल्डिहाइड ही अशुद्धी २५ पीपीएमच्या आत ठेवतात, कारण ते साखळीचं टोक बंद करतं. बाटलीपासून काढलेल्या आम्लात दुखणं वेगळं. बाटलीच्या पीईटीत थोडं आयसोफ्थॅलिक आम्ल (टेरेफ्थॅलिकचं भावंड) मुद्दाम घातलेलं असतं, आणि पीएच उतरवला की तेही सोबत खाली बसतं. पुन्हा बाटलीच करायची तर चालेल, पण धाग्याचा वितळणांक उतरतो. सोडियम उरलं तर वेगळी कटकट. सल्फ्युरिक भसकन ओतलं तर कण पिठासारखे बारीक होतात, फिल्टर प्रेस तुंबते आणि केकमधलं (गाळून उरलेल्या थरातलं) मीठ कितीही धुतलं तरी निघत नाही. द्रावण गरम ठेवून, ढवळत, हळूहळू घाला.

कुंडई_प्लांट
कण सुधारले तरी मीठ तेवढंच राहणार, अहो! त्यापेक्षा ग्लायकोलिसिस करा, म्हणजे सोड्याऐवजी ग्लायकॉलनेच पीईटी फोडा. जादा ग्लायकॉल, थोडं झिंक अ‍ॅसिटेट, १९० अंश. सोडा नाही, सल्फ्युरिक नाही.

मांडवीकाठ
रंग मात्र त्यातच विरघळून राहतो, आणि इथे प्रश्न रंगीत बाटलीचाच आहे.