समाजमाध्यमांचा थकवा : स्वभावामुळे की रचनेमुळे?

मितभाषी
समाजमाध्यमांवर वावरून येणारा थकवा सर्वांना सारखा येत नाही, आणि याचे मुख्य कारण स्वभावात आहे, असे माझे मत आहे. स्वभावाचे वर्णन पाच मूलभूत गुणांत करणाऱ्या पंचघटक प्रारूपातील भावनिक अस्थिरता हा घटक ज्यांच्यात प्रबळ असतो, त्यांना उत्तर न आलेला एक संदेशही पुरतो. वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही, आणि मग आपलेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचून त्यात काय खटकले असेल याचा शोध सुरू होतो. दुसऱ्या एखाद्याचे त्या खुणांकडे लक्षही जात नाही. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडल्याप्रमाणे ताण केवळ घटनेत नसतो, आपण तिचा अर्थ कसा लावतो यावर तो अवलंबून असतो.

अवलोकन
असहमत. लाझारस-फोकमन यांचा आधार आपण अर्धाच घेतला आहे, कारण त्यांच्या मते ताण व्यक्ती आणि परिस्थिती यांच्या परस्परसंबंधातून निर्माण होतो, आणि परिस्थितीबद्दल, म्हणजे येथे माध्यमाच्या रचनेबद्दल, आपण चकार शब्द काढलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा २०१४ मध्ये आल्या. त्यापूर्वीही माणसे हळवी होतीच, मात्र तेव्हा ही विशिष्ट घालमेल नव्हती. अमेरिकेत २०१८ मध्ये झालेल्या एका मोठ्या प्रयोगात सहभागींनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवले, तेव्हा त्यांचे समाधान वाढले. चार आठवड्यांत कोणाचा स्वभाव पालटला असेल, असे म्हणवत नाही. सगळे खापर वापरणाऱ्याच्या माथी फोडणे कंपन्यांच्या मात्र चांगलेच पथ्यावर पडते.

मितभाषी
त्या प्रयोगातील वाढ अल्प होती, हे सांगायचे आपण टाळलेत. शिवाय ती सरासरी आहे. कोणाला पुष्कळ हायसे वाटले आणि कोणाला करमेनासे झाले, हे सरासरीतून कळत नाही.

सहप्रवासी
आपण दोघेही हळव्या माणसांवरच अडून बसला आहात. माझ्या पाहण्यात सर्वाधिक दमतात ती कर्तव्यदक्ष आणि भिडस्त माणसे. वाढदिवसाला आलेल्या प्रत्येक शुभेच्छेला नावानिशी आभार लिहायचे, कोणी सुटले नाही ना म्हणून यादी पुन्हा वर सरकवून पाहायची, आणि नकोसा झालेला गटही केवळ सोडल्याचे गटचालकांना कळेल म्हणून सोडायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता असतो. या माणसांना चिंता नसते, केवळ काम फार असते, तेव्हा थकवा एकाच प्रकारचा मानून वाद घालणे मला पटत नाही.

मितभाषी
हा मुद्दा मान्य; पण भीड हाही स्वभावच झाला. ज्याला त्रास होतो, त्याने निळ्या खुणा बंद कराव्यात, ती सोय आहे.

अवलोकन
आहे, पण ती वैयक्तिक संदेशांपुरती. गटात संदेश कोणी वाचला याची यादी तरीही दिसते, आणि भिडस्त माणूस अडकतो तो प्रामुख्याने गटातच.