मदत हवी आहे: पऱ्हाटीचं नेमकं काय करावं? इथेनॉल, ब्रिकेट, की अजून काही? (वणी, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, वणी तालुक्यात, सभासद बहुतेक कोरडवाहू कापूस-तूरवाले. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडं) उपटली की थोडी चुलीला जाते, थोडी धुऱ्यावर कुंपणाला लागते आणि बाकीची ढीग करून पेटवून देतात. आता एका कंपनीचे प्रतिनिधी गावात मीटिंग घेऊन गेलेत, त्यांचं म्हणणं की जिल्ह्यात पऱ्हाटीपासून इथेनॉल बनवायचा प्लांट येतोय, तुम्ही कलेक्शन सेंटर घ्या, माल गोळा करून द्या, पण त्यासाठी आधी डिपॉझिट भरा. भाव तोंडी सांगितला, वजन ओलं धरणार की सुकं याचं उत्तर नाही, प्लांटची जागा विचारली तर म्हणे फायनल व्हायची आहे. आमच्या संचालक मंडळात यावरून दोन तट पडलेत आणि येत्या सभेत निर्णय घ्यायचाय, म्हणून इथे विचारतोय.

मी जेवढं वाचलं ते आधी सांगतो, चुकत असेल तर सांगा. पानिपतला इंडियन ऑइलचा सेकंड जनरेशन म्हणजे २जी (पिकाच्या काडीकचऱ्यापासूनचा) इथेनॉल प्लांट ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, टेक्नॉलॉजी आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीची आहे, क्षमता रोज १०० किलोलिटर. वर्षाला साधारण २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल असा हिशोब जाहीर झाला होता, म्हणजे टनाला १५० लिटर झाले. आता आमच्या कोरडवाहूत एकरी फार तर टनभर सुकी पऱ्हाटी निघते, म्हणजे तसा एक प्लांट चालवायला २ लाख एकरातली सगळीच्या सगळी पऱ्हाटी पाहिजे. जिल्ह्यात कापूस ४ लाख हेक्टरच्या वर आहे त्यामुळे माल नाही असं नाही, पण पंजाब-हरियाणात बेलर मशीन शेतात फिरतं आणि पेंढ्याच्या गासड्या बांधून देतं, पऱ्हाटीला बेलर कुठे चालतो?

हीच खरी अडचण आहे. ज्यांनी पऱ्हाटी भरली असेल त्यांना माहीत आहे, ट्रॉली शिगोशिग भरली, वरून दोर टाकून दोन माणसं नाचली तरी वजनकाट्यावर माल इतका कमी भरतो की डिझेल निघत नाही. फांद्या एकमेकीत अडकतात, मध्ये नुसती हवा. उपटायला मजुरी वेगळी, गोळा करायची वेगळी, आणि त्याच वेळी हरभऱ्याची काढणी आलेली असते म्हणून माणूस मिळत नाही.

माझे प्रश्न असे आहेत की पऱ्हाटीपासून इथेनॉल खरंच होतं का, का फक्त पेंढ्यापासूनच होतं? आणि होत असेल तर आमच्यासारख्या छोट्या कंपनीने त्याच्या भरवशावर पैसे गुंतवावे का? नाहीतर ब्रिकेट (दाबून केलेले जळणाचे ठोकळे), पेलेट (तशाच बारीक कांड्या), पार्टिकल बोर्ड, बायोचार (कमी हवेत जाळून केलेला, जमिनीत घालायचा कोळसा), मशरूम यातलं काय आधी करावं? आमच्याकडे गोडाऊन आहे, थ्री फेज कनेक्शन आहे, ट्रॅक्टर सभासदांचेच आहेत. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा. शेतात उभं राहून धूर बघवत नाही हो, एवढा मोठा माल आहे तो.

---

बॉयलरवाला_अकोला:

भाऊ, डिपॉझिट अजिबात भरू नका. कच्चा माल विकणारे तुम्ही, पैसे तुम्हाला मिळायला पाहिजे का तुम्ही द्यायचे? लेखी करार, भाव सुक्या वजनावर, ओलाव्याची कपात किती टक्क्याला किती हे लिहून, आणि माल उचलला नाही तर भरपाई काय, एवढं कागदावर येईपर्यंत सहीच करायची नाही.

मी ब्रिकेट प्लांटवर काम केलंय, पऱ्हाटी आणि तुराट्या दोन्ही चालवल्यात. पऱ्हाटी जळायला एक नंबर माल आहे, उष्मांक किलोला ४००० किलोकॅलरीच्या आसपास, राख चांगल्या मालात ५ टक्क्याच्या आसपास. भाताच्या पेंढ्यात राख १५ टक्क्याच्या वर जाते आणि त्यात सिलिका भरपूर, बॉयलरच्या ट्यूबची वाट लागते. ब्रिकेटला वेगळा डिंक-बिंक काही लागत नाही, दाबाने आणि उष्णतेने लाकडातलं लिग्निनच (लाकडाला कडकपणा देणारा घटक) नरम होतं आणि तेच धरून ठेवतं.

पण दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे ओलावा. प्रेसला माल १० टक्क्याच्या आसपास सुका लागतो आणि उपटल्या उपटल्या पऱ्हाटीत ३० टक्क्याच्या वर पाणी असतं. म्हणजे तुम्ही ३० टक्के ओलाव्याची १०० किलो घेतली तर १० टक्क्याला आणेपर्यंत ७८ किलोच उरते, आणि भाव जर ओल्या वजनाचा दिला असेल तर तिथेच बुडालात. ओलावा मोजायचं मीटर पहिल्या दिवशी घ्या, बाकी मशिनरी नंतर. दुसरी गोष्ट माती. चिमट्याने उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाला काळ्या मातीचं ढेकूळ तसंच येतं, ते हॅमर मिलमध्ये गेलं की हातोड्या झिजतात, राख वाढते आणि गिऱ्हाईक लोड परत पाठवतं. उपटून आठ-पंधरा दिवस शेतातच आडवी पडू द्या, ओल उडते, मग भरताना मूळ बांधावर आपटून माती झाडायची. आमच्याकडे जे शेतकरी एवढं करून आणायचे त्यांना आम्ही थोडा भाव वाढवून द्यायचो.

अजून एक, तुम्ही वणीचे म्हणजे कोळशाच्या खाणी दारातच. तिथे कारखानदार ब्रिकेट घ्यायला सहजी तयार होणार नाही, त्याला कोळसा जवळ आहे. मात्र औष्णिक वीज केंद्रांना कोळशात काही टक्के बायोमास पेलेट मिसळायचं बंधन आहे, आणि चंद्रपूरचं केंद्र तुम्हाला जवळ पडतं. पेलेटला माल ब्रिकेटपेक्षा बारीक दळावा लागतो, वीज जास्त जाते, डाय झिजते. एकदम पेलेट मशीन घेऊ नका, चालू पेलेटवाल्याला आधी चिप्स करून द्या आणि बघा जमतं का.

---

किण्वनताई:

दादा, मी एन्झाइमच्या क्षेत्रात काम करते, इथेनॉलचं मी सांगते. पऱ्हाटीपासून इथेनॉल होतं, त्यात खोटं काही नाही. मुंबईला रसायन तंत्रज्ञान संस्थेत बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या मदतीने चालणारं केंद्र आहे, त्यांच्या टेक्नॉलॉजीवर उत्तराखंडात काशीपूरला रोज १० टन शेतातल्या काडीकचऱ्याचा डेमो प्लांट २०१६ मध्येच उभा राहिला. प्रश्न होतं का हा नाही, किती खर्चात होतं हा आहे.

काडीमध्ये सेल्युलोज असतं, ती साखरेचीच लांब साखळी, पण तिच्याभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निन घट्ट बसलेलं असतं. पऱ्हाटी म्हणजे जवळजवळ लाकूडच, तिच्यात लिग्निन २०-२५ टक्क्यांपर्यंत जातं, पेंढ्यात बरंच कमी. त्यामुळे वाफ आणि सौम्य आम्ल वापरून ती आधी जास्त जोर लावून मोकळी करावी लागते, त्या जोरात थोडी साखर जळते आणि जे पदार्थ तयार होतात ते पुढे यीस्टला मारक ठरतात. मोकळी झाली की मग सेल्युलेज एन्झाइम साखळी तोडतं, ग्लुकोज होतं, यीस्ट त्याचं इथेनॉल करतं. हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज साखर मात्र नेहमीचं यीस्ट खातच नाही, त्यासाठी जनुक बदललेलं यीस्ट लागतं, नाहीतर मालातला मोठा हिस्सा वाया जातो. एन्झाइमचा खर्च आणि ही झायलोज, सगळं गणित या दोन ठिकाणी अडतं. म्हणून मोठ्या तेल कंपन्या सुद्धा सरकारी मदतीवर हे प्लांट उभारतात, तुमच्या डिपॉझिटवर नाही.

तुम्ही बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळत असाल ना? सेल्युलेज बनवणारी बुरशी त्याच ट्रायकोडर्माची भावकी आहे. दुसऱ्या महायुद्धात सोलोमन बेटांवर अमेरिकन लष्कराचे सुती तंबू कुजायला लागले, त्या कापडावरून ही बुरशी वेगळी केली, तिला आज ट्रायकोडर्मा रीसी म्हणतात आणि तिच्या सुधारित जाती जगभर एन्झाइमसाठी टाक्यांमध्ये वाढवतात. मूळ शोध कापूस खाणाऱ्या बुरशीचाच, त्यामुळे पऱ्हाटीवर काम व्हायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, पण ते काम आमच्या प्रयोगशाळांचं आणि मोठ्या कंपन्यांचं आहे, त्याची जोखीम शेतकऱ्याच्या अंगावर टाकू नये.

कोणी सीबीजी म्हणजे दाबून भरलेल्या बायोगॅसचं सांगितलं तरी पऱ्हाटी त्यात घालू नका, लिग्निन बायोगॅसच्या टाकीत पचत नाही. त्यासाठी शेण, मळी, फार तर सोयाबीनचं कुटार (भुसा).

---

काळी_माती:

मी कृषी विभागात होतो, आता रिटायर. वर सगळे इंधनाचं बोलताहेत, मी बोंडअळीचं बोलतो. पऱ्हाटीवर शेवटी जी अर्धवट उघडलेली किडकी बोंडं राहतात त्यात गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसते. तुम्ही कलेक्शन सेंटर केलं आणि शंभर शेतकऱ्यांची अख्खी पऱ्हाटी गावाशेजारी जून-जुलैपर्यंत गंजी मारून ठेवली, तर पाऊस पडला की पतंग निघून आजूबाजूच्या सगळ्या शेतांत जातील. २०१७ ला या बोंडअळीने आपल्या भागाने काय भोगलं ते आठवा. म्हणून फरदड (हंगाम संपल्यावरही पीक ठेवून घेतलेला जास्तीचा कापूस) घ्यायची नाही, पऱ्हाटी वेळेत काढायची, आणि साठवायची तर श्रेडर म्हणजे काडी बारीक करणाऱ्या यंत्रातून काढूनच. बारीक केली की बोंडंही भरडली जातात, आणि वाहतुकीचा तुमचा प्रश्नही निम्मा सुटतो. शेतातच श्रेडिंग हा तुमच्या धंद्याचा पाया धरा, पुढे ब्रिकेट करा नाहीतर काहीही.

आणि सगळीच पऱ्हाटी शेताबाहेर नेऊ नका. आपल्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब आधीच घसरलाय. हलक्या, चढाच्या रानातली बारीक करून तिथेच जिरवा. नुसती जिरवली तर ती कुजताना जमिनीतला नत्र ओढते आणि पुढचं पीक पिवळं पडतं, म्हणून सोबत शेणखत किंवा थोडा युरिया आणि कुजवणारं कल्चर द्या, पाऊस पडायच्या आत. बायोचारचं विचारलंत तर आपल्या काळ्या मातीचा सामू मुळातच ८ च्या आसपास, बायोचार पण अल्कधर्मी, आम्ल जमिनीत जो फायदा दिसतो तो इथे तेवढा दिसेलच असं नाही. आधी एका तुकड्यावर करून बघा.

मुंबईच्या माटुंग्यात केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, तिचं जिनिंग ट्रेनिंग सेंटर नागपूरला आहे. पऱ्हाटीचे पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट-पेलेट, त्यावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम), लवकर होणारं कंपोस्ट, या सगळ्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. सभेच्या आधी दोन संचालकांना घेऊन नागपूरला जाऊन या. बोर्डचं काम चांगलं आहे पण हॉट प्रेस, रेझिन, ड्रायर सगळं आलं, भांडवल मोठं लागतं, ते पुढे बघा. धिंगरी मात्र महिला बचत गटाला लगेच देता येईल, सोयाबीनच्या कुटारावर तर आपल्याकडे होतेच आहे.

---

मूळ प्रश्नकर्ता:

भाऊ, ताई, काका, तिघांचे मनापासून आभार. हे सगळं प्रिंट काढून मंडळात वाचून दाखवलं. डिपॉझिट भरायचं नाही हे एकमताने ठरलं, आणि त्या प्रतिनिधींना फोन करून सांगितलं की करार लेखी आणि सुक्या वजनावर असेल तरच बोलू. नागपूरला जायचं पक्कं केलंय. यंदा फक्त खालच्या भारी रानातली पऱ्हाटी घ्यायची, शेतातच श्रेडिंग करून चिप्स पेलेटवाल्याला द्यायच्या, वरच्या बरड्या रानातली तिथेच जिरवायची असं ठरतंय. बोंडअळीचा मुद्दा काकांनी सांगितला तो आमच्या एकाच्याही डोक्यात नव्हता, आम्ही तर गोडाऊनच्या मागच्या मोकळ्या जागेत अख्खी गंजी मारणार होतो.

आता एकच अडलंय. ट्रॅक्टरचं जे श्रेडर इथे भाड्याने मिळतं ते बारीक करून जमिनीवरच पसरवतं, पुन्हा गोळा करायचं म्हणजे माती आलीच. बारीक केलेला माल पाइपातून सरळ ट्रॉलीत फेकणारं मशीन पऱ्हाटीवर कोणी चालवलंय का? ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर त्याला पुरतो का, मुळासकट उपटलेली चालते की जमिनीलगत कापलेलीच लागते, आणि तासाला किती एकर होतं? हिंगणघाट, राळेगाव, मारेगाव, वरोरा या पट्ट्यात कोणाकडे असेल तर बघायला यायची आमची तयारी आहे, डिझेल आमचं, आणि चालवून दाखवायचं भाडंही देऊ.