'बी.डी.ला पोरं पोटासाठीच जातात' म्हणणाऱ्याला उत्तर

सदरवाला: काल इथं काटोलकरांनी लिहिलं, "बारावीत घसरलेली पोरं बी.डी.ला, म्हणजे चर्चचा पाळक (पाद्री) व्हायच्या पदवीला, जातात. होस्टेल, मग पाळकाचं क्वार्टर, जमलं तर परदेश. देवाचा संबंध काय?" रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो. मी गेलो तेव्हा वडील वारले होते, घरी दोन बहिणी होत्या, आणि आजोबांनी मला कधीचाच देवाला वाहून टाकला होता. म्हणजे हो, पोटासाठीच गेलो.

दुसऱ्या वर्षी हिब्रू आलं. उजवीकडून डावीकडे, बोट ठेवून बायबलातलं स्तोत्र १३६ वाचत होतो. २६ वचनं, प्रत्येकाच्या शेवटी तेच, त्याची दया सनातन आहे. वडिलांच्या खाटेशी आई हेच म्हणायची आणि मला संताप यायचा. कसली दया? मूळ शब्द हेसेद. त्यात दिलेला शब्द पाळणं आहे, साथ न सोडणं आहे. वही मिटली आणि होस्टेलच्या जिन्यात बसून रडलो. पोटासाठी गेलेला मी त्या शब्दासाठी थांबलो.

काटोलकर: भाऊ, तुमचं रडणं खरं असेल. पण आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सहा वर्षांत तीन पाळक आले. माझी आई आठ महिने अंथरुणावर होती, एकाचाही पाय घराला लागला नाही. बदलीसाठी मात्र चकरा चालू. त्यांना कोणतं हिब्रू शिकवलं होतं?

मोहननगरची ताई: हेतूचं राहू द्या, भाषेचं बोला. पुस्तकं इंग्रजी, परीक्षा इंग्रजी. परत आलेलं पोट्टं व्यासपीठावरून 'इनकार्नेशन', 'कॉन्टेक्स्ट' करते. अरे, देहधारण हा शब्द आहे ना आपल्याकडे! पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२४ ला छापून आलं, तोवर त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि स्टीफन हिस्लॉप? स्कॉटलंडचा मिशनरी माणूस, आपल्या नागपुरात राहून गोंडांची गाणी गोंडीतच उतरवून घेतली. तो १८६३ ला बुडून गेला, रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं ते कागद १८६६ ला छापले. परक्याला जमलं ते घरच्याला काऊन जमत नाही?

धरमपेठी: ताई, ग्रीक व्याकरणाची मराठी पुस्तकं आणायची कुठून? आणि वऱ्हाडीत उपदेश म्हणजे पारावरच्या गप्पा होतील. पवित्र शास्त्राचा मान राहू द्या.

काटोलकर: मान? माझी आई वऱ्हाडीतच प्रार्थना करत होती. तिची काय देवानं ऐकली नाही? येशूचे शिष्य, ते गालिलातले कोळी, काय छापील भाषा बोलत होते?

धरमपेठी: आवाज चढवू नका. आईबद्दल मी बोललो नाही.

मोहननगरची ताई: चढणारच आवाज. मी शाळेची नोकरी सांभाळून बाहेरून ख्रिस्ती अभ्यास केला, चाळिशीनंतर. क्वार्टर नाही, पगार नाही. रात्री पोळ्या झाल्यावर ओट्यावरच वही उघडायची. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "बाईला हे कशाला?" काटोलकर, माझा हेतू कोणत्या खान्यात टाकता?

सदरवाला: नारायण वामन टिळकांचंच घ्या. नागपूरहून राजनांदगावला निघाले ते नोकरीच्या शोधात. गाडीत एका गोऱ्यानं बायबल हातात ठेवलं, १८९५ ला बाप्तिस्मा झाला, आणि पुढं त्यांनी लिहिलेल्या पदांवाचून आपला रविवार जात नाही. तेही डब्यात बसले होते पोटासाठीच. काटोलकर, तुमच्या आईकडे कोणी आलं नाही, ही लाजेची गोष्ट आहे. तिथं मी तुमच्याच बाजूनं. पण तीन पाळकांवरून वर्गातल्या सगळ्या पोरांना चोर ठरवू नका.

काटोलकर: सगळे चोर म्हटलं, ते मागे घेतो. ताईंपुरतं तर पूर्णच. तिघांचं घेत नाही. टिळकांनी पदं आईच्या भाषेत लिहिली, म्हणून ती आईला पाठ होती, आणि तुम्हा लोकांचा एक उपदेश तिला कधी समजला नाही. त्या हेसेदवर मराठीत काही लिहिलंय का तुम्ही? असेल तर टाका इथं. आईची पुण्यतिथी येतेय, घरी वाचायचं आहे.

सदरवाला: लिहिलेलं नाही. आज रात्री बसतो. ताई, वऱ्हाडी तुम्ही तपासून द्याल का?